पोच मिळेपर्यंत

३ मार्च
हॉस्पिटलात पहिला दिवस. संगणक विभाग म्हणजे मी आणि एक खुर्ची. साहेब मीच, शिपाईही मीच! एक्स-रे, सोनोग्राफीची सगळी चित्रं तळमजल्यावरच्या सर्व्हरवर असतात आणि डॉक्टर ती आपापल्या खोलीतून उघडतात. बायकोला सातवा महिना लागलाय, तिची तपासणीही आता इथेच. मी भलताच खुशीत आहे.

६ मार्च
चित्रं उघडायला उशीर लागतो म्हणून डॉक्टर वैतागले होते. दोष टीसीपीचा, म्हणजे सर्व्हरवरून चित्रं पाठवायच्या पद्धतीचा. तो चित्राचे तुकडे पाठवतो आणि प्रत्येकाची पोच मागत बसतो, थोरल्या आत्यासारखा. मी त्याच्या जागी यूडीपी लावला. तो तुकडे भिरकावतो आणि मोकळा होतो. चित्रं झटक्यात उघडू लागली. मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटली, स्वारी हवेत!

१४ मार्च
अतिदक्षता विभागातल्या एका आजोबांच्या एक्स-रेत पेसमेकरच्या जागी काळा चौकोन. वेग इतका, की तुकड्यांचे क्रमांक संपून पुन्हा तेच सुरू होतात आणि एकाचा तुकडा दुसऱ्याच्या चित्रात जाऊन बसतो. चूक माझीच. पण चित्र बिघडलं म्हणून माणूस थोडाच बिघडतो?

१५ मार्च
आजोबांचा एक्स-रे नव्याने काढला. छातीत पेसमेकर नाहीच. ते बेशुद्ध आहेत.
दुपारी हिची पुन्हा सोनोग्राफी, गेल्या आठवड्यातली चित्रं यूडीपीवरूनच गेली होती. बाळाच्या छातीत छोटी डबी, तिला तार. सर्व्हरचा इथे संबंधच नाही, मशीनच्या पडद्यावर ती बाळाबरोबर हलत होती. हिच्या डॉक्टर मॅडम हळूच म्हणाल्या, हृदय आता त्या डबीवरच चाललंय. हिला काही सांगितलं नाही. कसं सांगू?

१६ मार्च
घाईघाईने परत टीसीपी लावला. निदान आणखी कुणाचं काही जायला नको.

१७ मार्च
सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या, टीसीपीला आजोबांचं चित्र अपुरं दिसतंय. राहिलेला तुकडा मागतोय. मिळाला नाही, की पुन्हा मागतो. तो मागतो, तेव्हा तेव्हा ही पोट धरून कळवळते.

१८ मार्च
वायर उपटली. सर्व्हर बंद केला. तरी कळा— मोठ्या डॉक्टरांच्या पाया पडलो, सगळं सांगितलं. म्हणाले, रजा घ्या, झोप काढा.

१९ मार्च
हिला आत नेलंय. मी दाराबाहेर. काय करू? काहीच हातात—
कळा थांबल्या. एकदम.
नर्स धावत बाहेर आली. मी उठलो, ती माझ्याकडे न बघता अतिदक्षता विभागाकडे पळाली. आजोबांनी डोळे उघडलेत म्हणे.
आत मॅडम अजून बाळाचे ठोके शोध—