देव तांदळात ठेवून

बाई, आईनं देव तांदळात ठेवायचं ठरवलंय. हे ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून हसला असतात, म्हणून सगळ्यात आधी तेच लिहिलं. पुढच्या महिन्यात आई, बाबा आणि मी, तिघं एकत्र बँकॉकला जातोय आणि तिथून कंबोडियाला. आठवडाभराचीच सहल आहे, पण परदेशाची तिघांचीही पहिलीच. आणि त्या दोघांची तर लग्नानंतर एकत्र अशी ही पहिलीच सहल. घरातलं कुणाचं लग्न असो नाहीतर बारसं, एक जण जायचा आणि एक घरी थांबायचा. आमच्याकडे दोघांचा मिळून एकच फोटो आहे, अंतरपाट दूर झाल्यानंतरचा, आणि त्यातही बाबा भलतीकडेच बघतायत.

याचं कारण तुम्हाला माहीत आहे, कारण ते तुम्हालाच तोंडावर सांगितलं गेलं होतं. मी सातवीत आहे, डोंबिवलीतल्या आपल्या शाळेत पालकसभा चालू आहे, आणि आई ठेवणीतली साडी नेसून तुमच्या टेबलासमोर बसलीय. तुम्ही दर मे महिन्यात एकट्या सहलीला जायचात, आणि त्यावरून आमच्या चाळीतल्या बायका काय काय बोलायच्या ते तुमच्याही कानावर असणारच. माझे भूगोलाचे मार्क सांगून झाल्यावर तुम्ही सहज म्हणालात, "यंदा तुम्ही आणि मिस्टर चला की माझ्याबरोबर. केरळला जातेय." आई म्हणाली, "अहो बाई, घरी देव आहेत. रोजची पूजा, नैवेद्य. दोघांनी एकदम घर सोडून कसं चालेल?" त्यावर तुम्ही, तुमच्या त्या खणखणीत आवाजात, "देव काय पळून जातायत का?" मागे बसलेले पालक हसले. आई हसली नाही. घरी आल्यावर तिनं कुकर असा काही आपटला की बाबा दुसऱ्या पाळीला जायला निघाले होते ते चपला घालताघालता थांबले. मला तुमचा राग आला होता आणि आईचाही. मला केरळला जायचं होतं.

पुढे कधीतरी तुम्ही बँकॉकला जाऊन आलात आणि वर्ग सुटल्यावर माझ्या हातात एक कागदी पंखा दिलात. "आईला दे. आणि सांग, त्या दिवशी बाई जरा जास्तच बोलल्या." आई म्हणाली, "मला कशाला?" आणि त्याच उन्हाळ्यात लाइट गेली की तोच पंखा शोधायला लागली. त्याच्या काड्या सुटल्या तेव्हा तिनं त्या दोऱ्यानं शिवल्या. तुम्ही गेलात ती बातमी आली तेव्हा मी कॉलेजात होते. आई ओट्याशी उभी होती. तिनं गॅस बंद केला.

आता मी ठाण्याला राहते, तिथंच नोकरी करते आणि रविवारी डोंबिवलीला जाते. सहलीचं मी वर्षभर बोलत होते आणि दर वेळी घोडं एकाच ठिकाणी अडायचं. बाबा म्हणायचे, "तुम्ही दोघी जा. मी थांबतो. देवांचं कोण बघणार?" त्यांना यायचं नव्हतं असं नाही, बाई. मोबाइलवर त्या अंकोरवाटच्या देवळाचे फोटो ते दोन बोटांनी मोठे करकरून बघायचे. पण इतकी वर्षं जे वाक्य घरात चाललं, ते आता मोडायचं कुणी? शेवटी एका रविवारी मी सरळ सांगितलं, "तिघं जमत नसेल तर कुणीच नको. मी हा विषय परत काढणार नाही." माझा आवाज जरा चढला होता. आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "देव तांदळात ठेवू."

बाबा म्हणाले, "म्हणजे?" ती म्हणाली, "म्हणजे डब्यात तांदूळ घालायचे आणि त्यात देव ठेवायचे. खाण्यापिण्याची सोय झाली की नाही त्यांची? आल्यावर अभिषेक करायचा आणि त्याच तांदळाची खीर. गावी सगळं घर लग्नाला गेलं की माझी आई असंच करायची." बाबांनी शेवटचा प्रयत्न केला. "अगं, घरचे देव डब्यात आणि आपण तिकडे विष्णूचं देऊळ बघायला जायचं? बरं दिसतं का ते?" आई म्हणाली, "त्यात काय. तिकडेच भेटू की त्यांना." मी तिथल्या तिथं तिकिटं बघायला फोन काढला.

नंतर स्वयंपाकघरात आम्ही दोघीच असताना मी तिला विचारलं, "तुला हे माहीत होतं, तर इतकी वर्षं का नाही ठेवलेस?" ती मेथी धूत राहिली. मग म्हणाली, "ह्यांना रजा कुठं मिळायची गं? एमआयडीसीतली कंपनी, खाडा केला की दुसरा माणूस उभाच. मग चारचौघांत काय सांगायचं, माझ्या नवऱ्याला जमत नाही? त्यापेक्षा देवांचं नाव पुढे केलेलं बरं. देवांना कमीपणा वाटत नाही." बाई, मी चाळिशीला आले आणि मला हे त्या दिवशी कळलं. तुम्ही तेव्हा नेमकं कुठं बोट ठेवलंत ते तुम्हालाही कळलं नव्हतं. मी नुसती तिच्या ओल्या हातांकडे बघत राहिले, आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. तिनं मात्र मला कोथिंबीर चिरायला लावली.

तेव्हापासून घरात नुसती धामधूम आहे. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला, त्याला आईनं पोहे खायला घालून अख्खा कार्यक्रम ऐकवला. तिकडची वेळ आपल्यापुढे आहे हे कळल्यावर बाबांनी सवय व्हावी म्हणून स्वयंपाकघरातलं घड्याळ आत्ताच पुढे करून ठेवलंय, त्यामुळे आमच्याकडे जेवणं बँकॉकच्या वेळेला होतात आणि दूधवाला रोज उशिरा आल्याबद्दल बोलणी खातो. तुम्ही असतात तर त्यांना फळ्यापाशी उभं करून रेखांश समजावले असतेत. सामानाचं वजन ठरलेलं असतं म्हटल्यावर दोघं सुटकेस घेऊन कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे गेले. त्यानं ती तराजूला लटकवली आणि विचारलं, "काकू, आत काय आहे?" आई म्हणाली, "मेतकूट, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि ह्यांचे दोन शर्ट." सगळ्यात वर तुमचा पंखा ठेवलाय. त्याला त्याचं गाव दाखवून आणायचंय, असं तिचं म्हणणं. आणि तुम्हाला निरोप द्यावा तसं परवा मला म्हणाली, "बाई असत्या तर आल्या असत्या आपल्याबरोबर. बोलल्याही असत्या काहीतरी."

तुम्ही दिशा शिकवायला वर्ग शाळेच्या गच्चीवर न्यायचात, आठवतं? सगळ्या पोरी कठड्याला लोंबकळून मलंगगड कुठं, खाडी कुठं म्हणून ओरडायच्या आणि मी पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभी असायचे. तुम्ही माझा हात धरून मला पुढे आणलंत आणि म्हणालात, "खाली कशाला बघतेस? लांब बघ. लांबचं हलत नाही." मी बघितलं. खरंच हलत नव्हतं.

हे पत्र कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही, ते त्या पंख्याच्या घडीत राहील. फक्त एक सांगायचंय. विमानातली खिडकीची जागा मी आईला दिलीय आणि बाबा सगळ्या चाळीला सांगत सुटलेत की पोरीचं मन किती मोठं. बाई, मनाचा काही संबंध नाही. ऑफिसच्या कामाला बंगळुरूला जायचं तरी मी आजवर ट्रेननंच गेले. मला अजून खाली बघवत नाही. मी मधल्या जागेवर बसून, आईच्या खांद्यावरून, लांब बघणार आहे.