रांगेतली जागा

६ नोव्हेंबर १९९४, रविवार. सकाळी सात वाजून दहा मिनिटे.

एसटीडी बूथ उघडून रिसीव्हर डेटॉलच्या फडक्याने पुसत होतो. एक झाला, दुसरा हातात घेणार तोच वाजला. मद्रासहून राज्य कराटे संघटनेचे सेक्रेटरी!

"तुळजाराम, तंजावूरहून दोन अर्ज आलेत. एक तुझा, एक वेंकटरमणचा. एका जिल्ह्याला एकच संघटना. तीस तारखेच्या आत दोघं मिळून एक अर्ज पाठवा. नाहीतर डिसेंबरात तिरुचीच्या स्पर्धेत तुमचं एकही पोर उतरणार नाही."

मी नुसतं येस सर, येस सर. फोन ठेवून बघतो तर मी सावधानमध्ये उभा! गिऱ्हाईक हसत होतं.

७ नोव्हेंबर

वेंकटरमण सरांकडे हॉल आहे. आरसे, चटया, आणि मद्रासने मानलेला काळा पट्टा. माझ्याकडे राजवाड्यामागचं मैदान, ओरत्तनाडूला भात वाळवायचं खळं, तिरुवैयारूला नदीचा घाट. पण मुलं माझ्याकडे. त्यांच्याकडे कॉलेजातले पाच-सहा जण, तेही परीक्षा आली की गायब.

काळा पट्टा मलाही आहे. पण ज्या मास्टरांनी दिला त्यांची पद्धत मद्रासच्या यादीत नाही, आणि ते स्वतः मस्कतला निघून गेले. विचारायचं कुणाला?

हे मराठीत लिहितोय ते बरं. वही कुणाच्या हाती लागली तरी मुलांना देवनागरी येत नाही. थोरली बहीण अक्का घरात मराठी बोलते, पण वाचता तिलाही येत नाही.

९ नोव्हेंबर

झोप नाही. सरांना आधी पत्र लिहावं की सरळ जावं?

१२ नोव्हेंबर, शनिवार

तिरुवैयारूचा वर्ग. भुवनाने आज लाथ मारून माझ्या हातातली पॅड उडवली— थेट पायरीवरून पाण्यात! पोहून तिनेच आणली. वर "सॉरी मास्टर" म्हणत हसते.

तिचे वडील देवळात तवील, म्हणजे ढोल, वाजवतात. न्यायला आले होते. म्हणाले, "आमच्या घरात मारणारे दोघं, मास्टर. मी तवील मारतो, ही माणसं मारते. तिरुचीला केव्हा जायचं? तिने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय."

पंधराखालच्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. फेब्रुवारीत पंधरा पुरी होतील. मी म्हटलं, जाऊ. मद्रासच्या फोनचं सांगितलं नाही.

१५ नोव्हेंबर

सरळ गेलो. दारात चप्पल काढली, वाकून नमस्कार केला. सरांनी आधी कॉफी मागवली.

"अध्यक्ष तूच हो की, तंबी," धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाले. "मला सह्या करायचा कंटाळा. पण मुख्य शिक्षक मी. आणि मुलं माझ्या पद्धतीत पांढऱ्या पट्ट्यापासून."

मी म्हटलं, "सर, तिरुचीला हिरव्याच्या खाली घेत नाहीत. पांढरे झाले तर खेळणार कोण?"

आरशात दोघंही दिसत होतो— ते ऐसपैस, मी खुर्चीच्या टोकावर.

"बरोबर," शेवटी म्हणाले. "मग मीच परीक्षा घेतो. जो उतरेल त्याचा पट्टा राहील."

एवढ्या सहज मानतील असं वाटलं नव्हतं! वाटेत सायकल एका म्हशीवर घातली. म्हैस ठीक.

२० नोव्हेंबर, रविवार

सर ओरत्तनाडूला स्वतः बसने आले. मळणीचा कोंडा पायाला टोचतो, तरी बूट नको म्हणाले, "पोरं अनवाणी तर मीही." दुपारपर्यंत एकेकाला उभं केलं. दोघे सोडून सगळे उतरले!

तिरुवैयारूची मुलंही तिथेच आली होती. भुवनाची लाथ पॅडवर बसली तेव्हा सर दोन पावलं मागे. "यारु सोल्लिक्कुडुत्ता?"— कुणी शिकवलं? ती माझ्याकडे बोट दाखवून मोकळी.

मग मला बाजूला घेतलं. "मुलं पक्की आहेत. आता तुझं काय?"

मी म्हटलं, "माझीही परीक्षा घ्या."

"काळ्याची मी घेऊ शकत नाही, ती मद्रासलाच. आणि मद्रास तुला आमच्या पद्धतीत खालून यायला सांगणार. दोन वर्षं तरी. नियम मी केला नाही, तंबी."

"मग मी बाहेर बसतो. फक्त सह्या करतो."

"तू बाहेर काळा पट्टा बांधून बसलास तर पोरं ओरडलेलं माझं ऐकतील आणि बघतील तुझ्याकडे. वर्षभरात पुन्हा दोन संघटना. रांगेत ये, नाहीतर मैदान सोड. नीट विचार कर, घाई नाही. म्हणजे— तीस तारीख आहे."

शेवटचं म्हणताना त्यांनाच वाईट वाटलं. पाठीवर हात ठेवला.

२३ नोव्हेंबर

रांग लागते ती पट्ट्याप्रमाणे. पांढरे सर्वांत टोकाला. तिथे राजवाड्याच्या गल्लीतला विश्वेश उभा राहतो. वय सात. त्याचा पट्टा अजून मीच बांधून देतो.

२७ नोव्हेंबर

अक्काला सांगितलं. डोसा उलथता उलथता ऐकत होती.

"अत्तां का रे घाबरतोस? सोडून दे की. दहावी नाही का सोडलीस?"

टोमणा नव्हता. सहज म्हणाली. पण जेवण गेलं नाही.

नापास झाल्यावर दहावीला पुन्हा बसायचं तर शेजारच्या गोपूच्या बाकावर बसावं लागलं असतं. तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान. अप्पा शाळेच्या फाटकापर्यंत हात धरून घेऊन गेले होते. मी आत गेलो नाही. अप्पा काही बोलले नाहीत, परत येताना मला पेरू घेऊन दिला.

अक्का मग म्हणाली, "पण त्या पोरीला काय सांगशील?"

३० नोव्हेंबर, बुधवार

खर्च:
एकत्र अर्जाची फी, माझा अर्धा वाटा — ५०
मद्रासला रजिस्टर टपाल — ९
तिरुचीसाठी आठ मुलांची प्रवेश फी — १६०
पांढरा पट्टा, मोठ्या मापाचा, एक — २२

देणे:
वेंकटरमण सर, डिसेंबरची शिकवणी, विद्यार्थी तुळजाराम — ४०