वॉल्टरकडे जाण्याआधी

सिरिल,

बूट घालू नकोस. आधी बस आणि हे वाच.

"यंदाच्या प्रदर्शनाआधी वॉल्टरला समोर उभा करतो आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावतो," असं सकाळी चहा ढवळत म्हणालास. अकरा वर्षं तू सख्ख्या भावाशी बोलला नाहीस. का, तर क्लबच्या भाजी-प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मळ्यातले तुझे पातीच्या कांद्यासारखे, पण मनगटाहून जाड लीक कुणीतरी कापून टाकले आणि पहिलं बक्षीस त्याला मिळालं.

ते मी कापले.

माझी आई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा तुला बोलवायला मी मळ्यावर धावत आले होते. तू राखणीला खोपटात बसला होतास. "प्रदर्शन परवावर आलंय, हिल्डा. जागचा हललो तर कुणीतरी डाव साधेल," म्हणालास. आईचे डोळे मिटले ते वॉल्टरनं. दुसऱ्या दिवशी तू प्रदर्शनासाठी केस कापायला न्हाव्याकडे गेलास, तेवढ्यात मी पावाची सुरी घेऊन मळ्यावर गेले.

तू वॉल्टरचं नाव घेतलंस आणि मी गप्प बसले. त्याचीच मला लाज वाटते, लीकची नाही. आता त्याला सांगायला निघालेय. दार तोंडावर आपटलं तरी सांगूनच येईन.

सूप शेगडीवर आहे. पाचपर्यंत येते. सोक्षमोक्ष लावायचाच असेल तर माझ्याशी लाव.

पाव तेवढा कापून ठेव. सुरी तीच आहे.

हिल्डा