दिवाकरांचा स्पीकर, त्याची पेटी आणि माझं बाकीचं सामान

मी, भानुमती दिवाकर फणसे, वय चौऱ्याहत्तर, धंदा खुर्च्या विणणे, राहणार मल्हारगंज, इंदूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या पेनाने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे, आणि त्यांनी नीट तपासलं की नुसतीच सही ठोकली, हे मी त्यांनाच चार प्रश्न विचारून पाहून घेतलं. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. माझा मुलगा मानस सारखा म्हणत होता, "आई, मी टाइप करून देतो, दोन मिनिटांचं काम आहे." इतक्या प्रेमाने मागितलेलं काम मी सहसा देत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवलंच, तर ते खोटं समजावं.

कलम १. मल्हारगंजातलं घर, म्हणजे खालच्या दोन खोल्या आणि रस्त्याकडचं दुकान, मानस आणि माझी सून मिताली यांना सारख्या हक्काने द्यावं. मितालीचं नाव मी मुद्दाम लिहिते आहे. साखरेच्या डब्यावरून तिच्यावर माझा जो संशय होता तो मी इथे लेखी मागे घेते. मुंग्या होत्या.

कलम २. बँकेतली ठेव नात पलक हिच्या शिक्षणाला. ती सिमरोलकडे होस्टेलला राहून इंजिनियरिंग शिकते, सुट्टीला घरी येते. उरलं तर तिनेच ठेवावं, मानसने "गुंतवून देतो" म्हणू नये. त्याने गुंतवलेलं अजून सुटलेलं नाही.

कलम ३. माझी हत्यारं: टोच्या, कात्री, वेत अडकवायच्या खुंट्या आणि वेत भिजवायचं घमेलं. हे काम मला कोणी शिकवलं नाही. एक फाटकी खुर्ची धागा-धागा उसवली, कुठून कुठे गेलंय ते पाहिलं आणि परत विणली. माझ्या यजमानांच्या घराण्यातले पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, म्हणून दसऱ्याला तलवार पुजायची रीत. वाटणीत तलवार यांच्या थोरल्या भावाकडे, लक्ष्मणभावोजींकडे गेली. तेव्हापासून मी टोच्या पुजते. तलवारीने आमच्या हयातीत काही केलं नाही, टोच्याने मानसची फी भरली. ही हत्यारं कोणाला, ते आज लिहीत नाही. पुढे बघते.

कलम ४. गिटारच्या स्पीकरची पेटी. हे कलम नीट वाचावं, कारण सगळं मृत्युपत्र या पेटीसाठी लिहायला घेतलं.

माझे यजमान दिवाकर दिवसा कारकून आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार. त्यांच्या मागे एक मोठा स्पीकर उरला, नुसता, खोक्याशिवाय. लोखंडी सांगाड्याला हिरवा रंग आणि त्यावर खिळ्याने कोरलेलं 'दि. फ.'. पलक गिटार वाजवायला लागली तेव्हा तिला पेटी हवी होती. दुकानात जी किंमत सांगितली ती ऐकून मी दुकानदाराला विचारलं, "यात वाजवणारा पण देता का?" घरी येऊन म्हटलं, आपणच करू.

प्लायवूड सियागंजातल्या वासुदेवजींकडून, उरलेले तुकडे. ते म्हणाले, "ताई, एकदम वॉटरप्रूफ." मी त्यातला एक तुकडा रात्रभर बादलीत बुडवून ठेवला. सकाळी जसाच्या तसा. म्हणून आज ते साक्षीदार आहेत. पुढच्या फळीतलं गोल भोक पुरणाच्या ताटाने आखलं आणि हातकरवतीने कापलं. वरून रेक्झिन, एका दवाखान्याच्या सोफ्यातून उरलेलं, मरून. कोपऱ्यांचे पत्रे आणि मूठ मानसच्या जुन्या ट्रंकेचे. तोंडाला कापडाऐवजी मी वेताची जाळी विणली. पलक म्हणाली, "आजी, अशी पेटी कोणाकडेच नाही." ते तर खरंच.

यांचा स्पीकर आत बसवला, आणि मागची फळी बंद करण्याआधी मी एक केलं, ते पलकला सांगितलं नाही. घर बांधलं की वास्तुपुरुष पुरतात. पेटी म्हणजे आवाजाचं घरच. एका लाल फडक्यात सुपारी, अक्षता आणि तांब्याचा पैसा बांधून ते आत कोपऱ्यात गोंदाने चिकटवलं. मग फळी लावली आणि गेल्या वर्षीच्या दसऱ्याला टोच्याबरोबर पेटीचीही पूजा केली. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर कुंकवाचं बोट.

पेटी वाजली. जाड तारेला पलकचं बोट लागलं की गाण्याच्या मागून बारीक घरघर यायची. पलक म्हणे, "आजी, काहीतरी रॅटल होतंय, खोलून बघू?" मी हात लावू दिला नाही. ऑर्केस्ट्रात यांच्या स्पीकरचाही घसा असाच घरघरायचा. मला वाटलं, हे आले, आणि पलकला तसं म्हटलंही. ती वाजवायची तेव्हा मी पेटीसमोर बसून खुर्च्या विणायची आणि त्या घरघरीची वाट बघायची.

ही पेटी पलकची.

कलम ५. जयेश, लक्ष्मणभावोजींचा मुलगा, लग्नात साउंड लावायचा धंदा, याला काही देऊ नये. कारण लिहिते.

त्याच्या वडिलांनी एका लग्नासाठी म्हणून यांचा अँप्लिफायर नेला होता. परत आला तो यांचा नव्हता. हे शेवटपर्यंत म्हणत राहिले, "जाऊ दे, भानू." मी जाऊ दिलेलं नाही. आता यंदा गणपतीत कॉलनीच्या कार्यक्रमात पलक वाजवणार होती, म्हणून जयेशने पेटी नेली. परत आणली तेव्हा सोफ्यावर बसून म्हणाला, "काकू, अब सुनो. एकदम साफ."

पलकने वाजवलं. घरघर नाही.

"साफ म्हणजे काय?"

"मतलब, जो हवा तोच आवाज येतो, बाकी काही नाही."

"बाकी काय होतं?"

त्याने पलककडे बघितलं. पलकने मोबाइलकडे बघितलं.

"खोललीस का रे पेटी?"

"काय काकू, तुमची चीज, मी कशाला खोलू?"

तो गेल्यावर मी चष्मा लावून मागची फळी बघितली. स्क्रूंवर कुंकू होतं. पण माझं कुंकू वर्षभरात काळपट पडलेलं होतं, हे लालभडक. ज्याला लपवायचं नसतं तो परत कुंकू कशाला लावेल? आवाज सुधारला, तिथेच मला कळलं. यांचा स्पीकर काढून घेतला आणि एखादा बाजारचा नवा बसवला. बापाने अँप्लिफायर नेला, मुलाने उरलेलं नेलं. म्हणून जयेशला काही नाही, आणि माझ्या मयतीला त्याने माइक लावू नये.

कलम ६. कलम पाच मी परवा लिहिलं. वकिलांनी सांगितलं, खोडाखोड दिसली की कोर्टाला शंका येते. शंका काय असते ते मला ठाऊक आहे, म्हणून खोडत नाही. त्याच्यापेक्षा हे कलम वरचढ धरावं.

काल वासुदेवजी साक्षीला आले. कलम चार वाचून म्हणाले, "ताई, आत दिवाकरजींचा स्पीकर आहे असं लिहिलंय. पाचमध्ये लिहिलंय की नाही. मी कशावर सही करू?" शेजारची उषा, शाळेतून रिटायर झालेली मास्तरीण, म्हणाली, "उघडा ना मग." मला तेच हवं होतं. जयेशला बोलावलं, चोर समोर असलेला बरा. तो स्क्रू काढायला स्वतःचा पेचकस घेऊन आला. मी माझा दिला.

फळी निघाली. स्पीकर हिरवा. दि. फ.

कोपऱ्यात माझं लाल फडकं, पण वरून स्पंज गुंडाळलेला, दोऱ्याने घट्ट बांधून परत चिकटवलेला.

"हे काय?" मी विचारलं.

"काकू, ते गोंदातून सुटलं होतं," जयेश खाली बघत म्हणाला. "सुपारी. बेस आला की फळीवर आपटायची. तोच आवाज होता."

वासुदेवजींनी रुमाल तोंडाला लावला. उषा म्हणाली, "भानू, तू वर्षभर जिच्यासमोर बसत होतीस, ती सुपारी होती गं."

मी हातातले स्क्रू मोजत बसले.

मग म्हटलं, "मग काढून टाकायची होतीस."

"देवाची वस्तू, फेंक कैसे देता? कुंकू पण म्हणूनच परत लावलं, आईकडून आणून."

"आणि सांगितलं का नाहीस?"

"पलकने मना केलं होतं. म्हणाली, आजी त्या आवाजाला आजोबा म्हणते. तुम्हीच सांगा काकू, तुम्हाला येऊन मी काय बोलणार होतो?"

तेव्हा कलम पाच रद्द. कलम तीनमधली सगळी हत्यारं, टोच्यासकट, जयेशला. दसऱ्याला तलवारीशेजारी ठेवून पुजावीत, आधी टोच्या. पेटी पलकचीच, पण मागची फळी उघडायचा हक्क जयेशचा. माइकही त्यानेच लावावा, आवाज बेताचा. अँप्लिफायरबद्दलचा संशय मात्र मी मागे घेत नाही. जयेशला स्पष्ट विचारलं. तो म्हणाला, "काकू, पप्पांचं मला पण तसंच वाटतं."

कलम ७. या सगळ्याची अंमलबजावणी उषाने करावी. माझ्या तेराव्याला, पानं उठल्यावर, जयेशने पेटी उघडावी आणि सुपारीवरचा स्पंज काढून तिला मोकळं सोडावं. पलकने एक गाणं वाजवावं, जाड तारेचं. मानस म्हणेल, आवाज खराब येतोय. त्याला गप्प बसवावं. हे माझ्यापुढे गेले, माझ्यामागे निदान एक गाणंभर दोघांचाही घसा घरघरू दे. नंतर जयेशने स्पंज परत बांधावा, फळी लावावी, कुंकू लावावं. बांधला की नाही, हे उषाने स्वतः आत डोकावून बघावं. मुलगा चांगला आहे, पण बघावं.

वरचं सगळं मी लिहिलं, वाचलं आणि परत वाचलं. याच्या तीन प्रती आहेत. तिसरी कुठे ते सांगत नाही.

मुक्काम मल्हारगंज, इंदूर
दिनांक ९ नोव्हेंबर २०२५

(सही) भानुमती दिवाकर फणसे

साक्षीदार:
१. वासुदेव, प्लायवूडवाले, सियागंज. पेटी माझ्यासमोर उघडली, माझ्यासमोर बंद झाली. सही ताईंनी माझ्यासमोर केली. (सही)
२. उषा, शेजारीण. सही माझ्याही समोर झाली. डोकावून बघीन. (सही)