अनामिका कुठे भेटतील?

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा (वय वर्षे छप्पन्न, तुझ्या लेखी अजून शेंबडा) वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींची कवळी सापडली का? मी मजेत आहे. म्हणजे आता आहे. मधले दिवस कसे गेले ते वाचायचं असेल तर आधी गॅस बंद करून ये.

तीस वर्षं उजव्या डोळ्यात भिंग धरून मी लोकांची घड्याळं दुरुस्त करतोय, हे तुला माहीतच आहे. यंदा त्या डोळ्याभोवतीची कातडी अशी कोरडी पडली, की भिंग टेकवलं की मिरची लागल्यासारखी आग व्हायची. भिंग नाही तर काम नाही, आणि दुकान बंद करून घरी बसलो तर बोलणार कुणाशी, भिंतींशी? घाबरलो, ताई, खोटं कशाला सांगू. घाईघाईत कपाटात सापडलेलं मलम फासलं. ते टाचांच्या भेगांचं निघालं. दिवसभर डोळ्यांतून धारा. एक गिऱ्हाईक वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन आलं होतं, ते माझी दशा बघून स्वतःच रडायला लागलं. मग आम्ही दोघं एकमेकांना पाणी देत बसलो.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी त्या मलमावरून माझी बिनपाण्याने केली, मग बिनवासाचं क्रीम विकत घ्यायला सांगितलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'डोळ्यांभोवती तांदळाच्या दाण्याएवढे, अनामिकेने हलकेच लावावे.' आता तूच सांग, माझं काय चुकलं? मला वाटलं, अनामिका ही तिथली नर्स. (मनात म्हटलं, काय सोय आहे!) दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून हजर. टेबलामागचा माणूस म्हणाला, त्या नावाचं इथे कुणी नाही. मला वाटलं, रजेवर असतील. असा चार दिवस गेलो. चौथ्या दिवशी त्याने मला चहा पाजला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "जाऊ द्या काका, विसरा तिला."

मग सुचलं, क्रीम जिथून घेतलं तिथे असतील. त्या औषधाच्या दुकानात एक बाई बसतात. चष्मा कायम कपाळावर, आणि कुठल्याही डॉक्टरचं अक्षर घडाघडा वाचणार. त्यांना विचारलं, आपणच अनामिका का? चिठ्ठी वाचून त्या इतक्या हसल्या, की हातातली गोळ्यांची पाकिटं खाली पडली. मग करंगळीशेजारचं बोट माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "अहो, ही अनामिका! या बोटात जोर कमी, म्हणून हिने लावायचं." आणि स्वतःच्या चेहऱ्यावर दाखवलं. डोळ्याखालच्या हाडावर टिपके द्यायचे, चोळायचं नाही, पापणीच्या कडेला न्यायचं नाही, जास्त लावलं तर डोळ्यात उतरतं, आणि जळजळलं तर धुऊन टाकून डॉक्टर गाठायचा. ताई, घड्याळाला तेल असंच घालतात गं! सुईच्या टोकावर मावेल तेवढंच, जास्त झालं की घड्याळ बसलंच. हे मी सांगितलं, तर त्या चष्मा डोळ्यांवर घेऊन ऐकत राहिल्या. तेलाबद्दल माझं इतकं कुणीच कधी ऐकलेलं नाही.

आठवड्यात डोळा बरा झाला, दुकान सुरू झालं. तरी रोज संध्याकाळी मी पद्धत नीट समजून घ्यायला जातो. (अवघड आहे ती.) फार आनंदात आहे, ताई.

तुझा,
धाकटा

ता. क. आईची अंगठी तुझ्याकडे आहे ना, ती पाठवशील का? डोळ्याशी तिचा काही संबंध नाही. सोबत दोरा जोडलाय, तो अनामिकेच्या मापाचा आहे. माझ्या नव्हे.

ता. क. २. घाई नाही.

ता. क. ३. (अक्षर वेगळं दिसेल, औषधाच्या दुकानातून लिहिते आहे.) ताई, नमस्कार. घाई आहे. ह्यांच्या खिशात हे पत्र महिनाभर पडून राहील, म्हणून पोस्टात मीच टाकते आहे.