काटा खोटा आहे

नाना, मोहोपाड्याच्या कॉलनीतली आपली खोली कधीच पाडली, पण मोरीत हात धुणारे तुम्ही मला अजून दिसता. प्लँटमधली पाळी संपवून आलात की कोपरापर्यंत साबण, मग नखं, मग परत साबण, आणि तेवढ्या वेळात मी दिवसभराचं सांगायचं. सायकलवरून पडलो म्हटलं की तुम्ही विचारणार, कुठं, ब्रेक लागला होता का, मग तू काय केलंस. "कायतरी झालं" हे उत्तर तुमच्याकडे चालत नसे. प्लँटमध्येही तुमचा हाच खाक्या. पाळी बदलताना लॉगबुकावर सही ठोकून घरी पळायची सगळ्यांची रीत. तुम्ही मात्र येणाऱ्या माणसाला उभं करून, ओळीवर बोट ठेवून, सगळं वाचून दाखवायचात. त्याचा चहा गार झाला तरी. लोक मागून तुम्हाला मास्तर म्हणायचे आणि शाळेत मला त्याची लाज वाटायची.

मी सातवीत असताना प्लँटमधल्या तुमच्या टाकीचा, पातळी दाखवणारा काटा अर्ध्यावर अडकला. टाकी भरत चालली होती आणि काटा जागचा हलत नव्हता. तुम्ही लिहिलंत, काटा खोटा आहे, टाकी भरली आहे, काट्यावर विश्वास ठेवू नये. तो काटा साहेबांनी नुकताच नवा आणवलेला. त्यांचं म्हणणं, थोडा फरक जाणवला एवढंच लिहा. तुम्ही ऐकलं नाहीत, आणि महिन्याच्या आत तुम्हाला कंट्रोल पॅनेलवरून उचलून रसायनांच्या ड्रमच्या यार्डात टाकलं. त्या संध्याकाळी आई भाकरी थापतेय. थापता थापताच म्हणते, "सरळ लिवून तुमाला काय मिळालं? जरा गोड लिवलं असतं तर काय बिघडलं असतं?" तुम्ही तिच्याकडे बघत नाही. माझ्याकडे बघून सांगता, "पुढल्या पाळीच्या माणसाला आपल्या मनातलं दिसत नाय रं. त्याला फकस्त ओळ दिसते." यार्डात तुम्ही निवृत्तीपर्यंत राहिलात. खोकला तिथूनच घरी आला आणि तुम्हाला घेऊनच गेला.

मी आता कर्जतला राहतो, घरूनच काम करतो. माझं काम तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही, आता सांगतो. कारखान्यातल्या मशीनच्या पेटीत एक बोर्ड असतो. त्याच्या चिपमध्ये बनवणाऱ्यानेच भरून दिलेला छोटा प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. मशीन चालू झालं की तो आधी जागा होतो आणि आमच्या मोठ्या प्रोग्रामला सांगतो की कुठे काय जोडलंय, किती तापलंय. म्हणजे तुमचा काटाच. आणि तो खोटं बोलतोय असं आमच्या प्रोग्रामला कळलं, तर तशी ओळ पडद्यावर उमटवायची, ती मी लिहितो. म्हणजे लॉगबुकच, नाना. एका बोर्डाचं फर्मवेअर मध्येच चाळीस अंशांवर अडकायचं. ते मी पकडलं आणि ओळ लिहिली: फर्मवेअरची चूक, तापमान चाळीसवर अडकले आहे, या आकड्यावर विश्वास ठेवू नका, बोर्ड बनवणाऱ्याला कळवा. बोर्डवाले आमचं मोठं गिऱ्हाईक. दुसऱ्या दिवशी ती ओळ खोडून मी लिहिलं: तापमान, अनपेक्षित मूल्य, काम पुढे चालू.

खोपोलीच्या एका कारखान्यात भट्टीला तो बोर्ड होता. तिथला इलेक्ट्रिशियन कंत्राटी, इथल्याच, कर्जतजवळच्या कोंडाणे गावाकडचा, आयटीआय केलेला. पडद्यावर माझी ओळ रोज यायची. त्याने तिचा अर्थ आपल्या परीने लावला आणि भट्टीतल्या सेन्सरची वायर बदलली. ओळ परत आली, त्याने परत बदलली. तिसऱ्यांदा सेन्सरच नवा बसवला, आणि त्यानंतर पडदा चाळीस म्हणतोय म्हणजे भट्टी निवली, असं समजून दार उघडलं. मी दवाखान्यात गेलो तेव्हा त्याचे भाजलेले दोन्ही हात खांद्यापर्यंत पट्ट्यांनी बांधलेले होते. बायको चमच्याने पेज भरवत होती. कारखान्याने त्याचा निष्काळजीपणा म्हणून कागद केलाय, म्हणजे काम गेलं आणि भरपाईही गेली. मी सॉफ्टवेअरवाल्यांकडून आलोय म्हटल्यावर तो उठून बसायला लागला. "मशीन रोज सांगत व्हती साहेब," तो म्हणाला. "मलाच नाय समजलं. माजंच कायतरी चुकलं असंल."

कायतरी. हा शब्द तुम्ही खपवून घेतला नसता. त्याला विचारलं असतंत, काय दिसलं, तू काय केलंस, आणि मग वळून मला विचारलं असतंत. मी त्याला आराम करा म्हणालो आणि निघालो.

आमच्या ऑफिसात सगळे धरून चाललेत की ओळ वरून कुणीतरी बदलायला लावली असणार. मी कुणाला अडवलेलं नाही. खरं असं आहे की मला कुणीच काही सांगितलं नव्हतं. आमच्या साहेबांनी माझी पहिली ओळ वाचलीसुद्धा नव्हती. ती खोडताना मला तुम्ही आठवला होतात, पण तुमचं बोलणं नाही. यार्डातून घरी येऊन दारातल्या पायरीवर धापा टाकत बसायचात, ते आठवलं होतं.

चूक त्याची नव्हती, माझी आणि फर्मवेअरची होती, असं अपघाताची चौकशी करणाऱ्यांना पत्रात लिहून ठेवलंय. कुठं, काय दिसलं, काय केलं, तुमच्यासारखं ओळीने. तुमच्या या पत्राला पत्ता नाही, म्हणून ते जाणार नाही. त्या पत्राला पत्ता आहे. नऊ दिवस झाले, तेही इथेच आहे.