एका बापाची तहान

टोलेडो, ओहायो
१२ नोव्हेंबर १९९५

चि. बर्नाडेट हिस,

अनेक आशीर्वाद. मी तुझ्याहून थोडाच मोठा, आणि आपली ओळख बाबांच्या अंत्यविधीतली. तरी नातं आहे, तर ते रीतसर लिहावं. बसने सुखरूप पोहोचलो. तुझ्या आईने बांधून दिलेले कोबीच्या पानातले खिम्याचे गुंडाळे वाटेतच संपले. चर्चभर गोरी माणसं, त्यात मी एकटा काळा. तरी तिने मला पहिल्या बाकावर तुझ्याशेजारी बसवलं. आपल्या नवऱ्याच्या दुसऱ्या बाईच्या मुलाला कोण असं बसवतं?

एक विचारायचं आहे. प्रसादाच्या रांगेत तुझ्यामागे उभा राहून मी पेल्यातला घोट घेतला. आमच्या चर्चमध्ये द्राक्षाचा रस देतात, म्हणून निर्धास्त प्यायलो. घशाखाली गरम लागलं. ती खरी वाइन होती का? मी आजवर दारूच्या थेंबाला शिवलेलो नाही. खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं वाचून घेतो. बाबांची तहान माझ्यात झोपली आहे, तिला हाक मारू नकोस, असं आई लहानपणापासून सांगत आली आहे. तेव्हापासून मी स्वतःवर पाळत ठेवून आहे. काल कामावर, काचेच्या कारखान्यात तहान लागली, तर घाबरून पाणीही घेतलं नाही. आईला यातलं काही ठाऊक नाही. खरं ते कळव.

लोभ नवा आहे, तो टिकावा.

सेड्रिक


एरी, पेनसिल्व्हेनिया
२० नोव्हेंबर

ती. सेड्रिकदादास (तू आशीर्वाद दिलेस, म्हणून हा मान!),

सा. न. वि. वि. अरे वेड्या, वाइनच ती! एका घोटाने कुणी बाटतं का? मी पोट धरून हसले. आधी पाणी पी.

मी पहिली बिअर चौदाव्या वर्षी घेतली, तळ्याकाठी, वर्गातल्या सगळ्यांबरोबर. पोलीस आला आणि त्याने गाडीत घालून एकेकाला घरी सोडलं. बाबा दारात हसत उभे. म्हणाले, शोभतेस माझी पोरगी. पोलीस कॉफी पिऊन गेला. आमच्याकडे हे असंच. खरं सांगू? मला वाटायचं, तुमच्या वस्तीतली पोरं पाळण्यापासून पीत असतील. काकांनाही तेच वाटलं, म्हणून अंत्यविधीनंतर त्यांनी तुझ्या हातात व्हिस्कीचा ग्लास कोंबला. तू तो कुंडीत ओतलास, मी पाहिलं हो!

अक्षर वाकडं आलंय. सकाळी हात थरथरतो, थंडी फार. बेकरीतली नोकरी गेली. पहाटे उठवतच नाही. नाताळात बाबांची गाडी घेऊन तुमच्याकडे येईन म्हणते.

असाच घाबरट राहा, लोभ वाढेल.

बर्नी


टोलेडो
२९ नोव्हेंबर

चि. बर्नाडेट हिस,

अ. आ. काकांवर राग नाही. सगळ्यांना तसंच वाटतं. पण आमच्या गल्लीत माझ्या वयाची पोरं सहसा पीत नाहीत. रविवारी चर्चच्या दारात मावश्या मिठी मारतात ती आधी तोंडाचा वास घ्यायला. शेजारच्या ओटिसच्या गाडीत सतराव्या वर्षी बिअरचे डबे सापडले. त्याला कुणी घरी सोडलं नाही. तो तुरुंगात गेला, आणि सुटल्यावर शाळेने दार उघडलं नाही. पिणारे आमच्याकडेही आहेत, पण वयाने मोठे. कोपऱ्यावरच्या दुकानापुढे उभे असतात, आणि त्यांना सावरायला कुणी येत नाही. मी पीत नाही तो पुण्यवान म्हणून नव्हे. भितो म्हणून.

आता तुझ्या हाताचं. सकाळचा पहिला घोट पोटात जाईपर्यंत बाबांना शर्टाची बटणं लावता यायची नाहीत, आई लावून द्यायची. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. त्यापायी माझ्या घोटाचीही कबुली द्यावी लागली; तिने हसून टपली मारली. तुझ्या हाताचं ऐकून मात्र हसली नाही. म्हणाली, त्या पोरीला इकडे बोलाव.

तुझ्यात ती तहान जागी झाली आहे का? गाडी चालवू नकोस. राग आला तर मला लिही, पण लिही.

काळजीसह,
सेड्रिक


एरी
४ डिसेंबर

सेड्रिक,

थंडीने हात थरथरतो असं लिहिलं होतं. थंडीनेच. बाबांना उपदेश करायचा राहिला, म्हणून मी सापडले का? तुझ्या आईने बटणं लावली, माझ्या आईने बूट काढले. दोघींनी मिळून काय साधलं? नाताळाला येत नाही.

बर्नाडेट


एरी
१५ डिसेंबर

ती. दादास,

सा. न. मागचं पत्र फाडून टाक.

परवा भर दुपारी बाबांची गाडी मी खड्ड्यात घातली. शाळा सुटायची वेळ होती. कुणाला लागलं नाही, एवढंच. तोच जुना पोलीस आला. बाबांची पोरगी म्हणून त्याने मला घरी आणलं, आईच्या हातात किल्ली दिली आणि कॉफी घेतली. काका म्हणाले, नशीबवान आहेस. मी पांघरुणात पडून तुझ्या ओटिसचा विचार करत होते. त्याच्या वाट्याला जे आलं ते कुणाच्याही येऊ नये. पण मला इतक्या वर्षांत एकदाही कुणी थांबवलं नाही रे. नुसतं घरी सोडलं.

तुझी आई अजून बोलावते का? मी येऊ?

बर्नी


टोलेडो
१९ डिसेंबर

चि. बर्नीस,

अ. आ. ये. मात्र एकटी नको आणि गाडीने तर नकोच. तुझ्या आईबरोबर बसने ये. इथल्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना आईने विचारलं. पिणं एकदम तोडणंही धोक्याचं असतं, म्हणून आधी एरीतल्या डॉक्टरांना दाखवा, आल्यावर पुढचं इथले बघतील. उबदार कपडे आण. खोली माझी घे, मी बाहेर झोपेन.

आपल्या दोन्ही आया समोरासमोर आल्या की काय बोलतील, याची मला धास्ती आहे. आई म्हणते, एकाच माणसाचं आजारपण काढलेल्या बायकांना बोलायला विषय कमी पडत नाहीत.

तिने तुला एक निरोप दिला आहे. बाबांची बाटली इथे कुणी लपवली की ते उठून तिकडे जायचे, आणि तिकडे लपवली की इकडे यायचे. दोघींनाही वाटायचं, दुसरीकडे पिऊ देतात. या वेळी दोन्ही घरं एकाच बाजूला असतील, एवढं पोरीला आधीच सांगून ठेव, म्हणाली.

तू आमच्यावर चिडशील. सुरुवातीला लोभ नसला तरी चालेल.

तुझा दादा,
सेड्रिक